मागच्या पानावरची पेन्सिल

पत्र, थोडं आवरून:

ताई, मी केळापूर तालुक्यातल्या एका गावात आशा सेविका आहे. दोन वर्षांपासून आमच्या गावात एक शास्त्रज्ञ येतात. पीएचडी झालेले आहेत, नोकरी सोडून स्वतःचं संशोधन करतो म्हणतात. पंधरा एकर वावर ठोक्यानं घेतलंय. तिथं स्वतः तयार केलेलं औषध पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, मारून पाहतात. बाटल्यांवर लेबल नसतं, मार्करनं नुसते आकडे टाकलेले असतात. मजुरी बाकीच्यांपेक्षा शंभर रुपये जास्त देतात, म्हणून पोरं जातात. मागच्या सप्टेंबरात तिघांना उलट्या झाल्या, एकाला चार दिवस नीट दिसत नव्हतं. साहेबांनी स्वतःच्या गाडीत घालून ओळखीच्या खासगी डॉक्टरकडे नेलं, बिल भरलं आणि कागद ठेवून घेतले.

त्यांचा सगळा कारभार वस्तीतले एक काकाजी पाहतात. सालदार आहेत. औषध तेच कालवतात, वही तेच लिहितात. २०१७ मध्ये त्यांचा धाकटा भाऊ फवाऱ्यानंच गेला, म्हणून वाटलं की हे तरी आपल्या बाजूनं उभे राहतील. दोनदा गेले. पहिल्यांदा म्हणाले, ‘तू तुयं काम कर व बाई.’ दुसऱ्यांदा मी म्हटलं, ‘तुम्ही बोलला नाहीत तर उद्या कोणाचा जीव गेला म्हणजे पाप तुम्हाला लागेल.’ ते उठून गोठ्यात निघून गेले. त्यांच्या पोरीच्या नर्सिंगची फी साहेबांनी भरली आहे. एकदा त्यांच्या ओसरीवर ती वही उघडी पडली होती, झाडागणिक बोंडं मोजलेली दिसली. मागच्या पानावर पेन्सिलीनं त्या तीन पोरांची नावं अन् तारखा होत्या. आता पऱ्हाटी गुडघ्याला लागली, पंधरा दिवसांत फवारे सुरू होतील. काकाजींना कसं वळवू? आणि त्यांनी जाऊन साहेबांना सांगितलं तर?

ताई,

पेन्सिलीची गोष्ट तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी त्या ओळीपाशीच थांबले. साहेबांनी त्यांना बोंडं मोजायला सांगितलं होतं. पोरांची नावं लिहायला कोणी सांगितलं नव्हतं, आणि ती नावं साहेबांच्या डोळ्यांपुढे येऊ नयेत म्हणून मागच्या पानावर, पेन्सिलीनं लिहिली आहेत. हा माणूस तुमच्या आधीपासून हिशेब ठेवतोय. त्यांना वळवायचं काही उरलेलं नाही. ते बोलले तर पुढे त्यांचं काय होईल, याचं उत्तर मात्र तुमच्याकडे असायला हवं, आणि दोन्ही वेळेला तुम्ही ते न घेता गेलात.

२०१७ त्यांच्या घरात घडलं, म्हणून ते सगळ्यांत आधी बोलतील असं तुम्हाला वाटलं. मला नेमकं उलटं वाटतं. त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर या काळात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं फवारणीच्या विषबाधेनं गेली, शेकडो सरकारी दवाखान्यात भरती झाली. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, हवेत दमट उकाडा होता, दोन-तीन औषधं एकत्र कालवली जात होती आणि चायना पंपाचा बारीक फवारा वाऱ्याबरोबर माणसाच्याच तोंडावर येत होता. सरकारनं विशेष तपास पथक नेमलं, मृतांच्या घरच्यांना दोन-दोन लाख जाहीर केले. गाड्या आल्या, कॅमेरे आले, मंत्री आले, आमच्यासारख्या संस्थावाल्याही आल्या. सगळ्यांनी भावाचा फोटो मागितला. काकाजींनी तेव्हा किती जणांना किती वेळा तीच कहाणी सांगितली असेल, त्याचा अंदाज करा.

त्या गाड्यांपैकी एका गाडीत मी होते. घाटंजीकडच्या एका गावात एका बाईच्या अंगणात मी दोन तास बसले. तिनं नवऱ्याचा पंप दाखवला, पट्टा खांद्यावर जिथं रुतायचा तिथली जागा स्वतःच्या खांद्यावर बोट ठेवून दाखवली. फोटोची प्रत पाठवते म्हणून तिच्याकडचा एकुलता एक फोटो मी घेऊन आले. तो परत द्यायला मला दोन वर्षं लागली. अंगणात शिरले तर तिनं मला ओळखलं, पाण्याचा गडवा आणून ठेवला आणि विचारलं, ‘आता कोन मेलं व बाई?’ तिच्या लेखी आम्ही कोणी मेल्याशिवाय येणारी माणसं नव्हतो. ती चूक माझी होती, आणि पुढे तिच्या घरी कितीही वेळा गेले तरी ती पुरती भरून निघाली नाही. काकाजी तुमच्याकडे पाहतात तेव्हा त्यांना आमच्यासारख्यांची रांग दिसत असणार. तुम्ही गावातल्याच आहात, त्यांच्या सुनेच्या बाळंतपणात रात्री धावलेल्या असाल, तरी ‘माहिती द्या’ म्हटलं की तुम्हीही त्या रांगेत जाऊन उभ्या राहता.

आता पापाच्या बोलण्याबद्दल. ते तुम्ही कळवळ्यानं बोललात, मला ठाऊक आहे. पण ती बादली काकाजींनी कालवली. काडीनं ढवळली, पंपात ओतली, पंप उचलून त्या पोराच्या पाठीवर चढवून दिला. ज्या पोराला चार दिवस दिसत नव्हतं, त्याच्याच पाठीवर. भाऊ गेला तो फवाऱ्यानं, आणि आता ज्या हातानं फवारा तयार होतो तो हात आपलाच, ही गोष्ट ते रोज रात्री अंथरुणात घेऊन निजत असतील. तुम्ही नेमकं तिथंच बोट ठेवलंत. पुढच्या भेटीत त्याची माफी मागा. लांबलचक नको. ‘त्या दिवशी मी बोलले ते चुकलं, काकाजी’ एवढंच म्हणा, आणि लगेच दुसरं काही मागू नका.

त्यांच्यासमोर साहेबांना वाईटसाईट बोलू नका. माझा अनुभव सांगते, असा माणूस गावात तिरस्कारानं पाहिला जात नाही. तो धुऱ्यावर बसून गड्यांसोबत भाकर खातो, बोंडअळी कुठल्या पात्यात आहे ते लांबून ओळखतो, अडीअडचणीला पैसे देतो. काकाजींच्या पोरीची फी खरोखरच भरली गेली आहे, आणि ती कुठल्या सरकारनं किंवा संस्थेनं भरलेली नाही. तुम्ही साहेबांना राक्षस म्हटलंत की काकाजींना त्यांची बाजू घ्यावी लागेल, आणि एकदा माणूस तोंडानं बाजू घेऊन बसला की मागे फिरणं जड जातं. तुम्ही बाटलीबद्दल बोला. शास्त्रज्ञ झाडाची बोंडं मोजतो आणि आजारी पडलेल्या माणसाचं नाव लिहीत नाही, तेव्हा ते संशोधनच अर्धवट असतं. हे काकाजींना तुमच्याआधी कळलंय, म्हणून तर त्यांनी ते स्वतः लिहिलं.

बिनलेबलच्या बाटलीत खरा धोका कुठे आहे, तोही त्यांना सांगा, कारण हे त्यांना कोणी सांगितलं नसेल. दुकानातल्या डब्यावर रंगाचा त्रिकोण असतो, लाल म्हणजे सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. त्यासोबत नोंदणी क्रमांक असतो आणि विषबाधा झाली तर कोणता उतारा द्यायचा तेही छापलेलं असतं. काही औषधांनी माणसाला घाम फुटतो, लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. तिथं ॲट्रोपिन जीव वाचवतं. दुसऱ्या जातीच्या औषधावर तो उतारा लागूच पडत नाही. बाटलीवर नुसतं ‘७’ लिहिलेलं असेल तर कितीही हुशार डॉक्टर असला तरी त्याला अंधारात चाचपडावं लागतं. त्या तीन पोरांच्या अंगात काय गेलं होतं, हे त्या खासगी डॉक्टरलाही माहीत नसण्याची शक्यता आहे.

आता मागायचं काय. तुमच्या पत्रावरून दिसतं की तुम्हाला काकाजींकडून वही हवी आहे, जमलं तर एक बाटली, आणि पुढे साक्ष. यातलं एकही आत्ता मागू नका. वही आणि बाटली तर कधीच मागू नका. मालकाची वस्तू उचलून आणली तर चोरीचा आळ काकाजींवर येईल. आणि तुमच्या पिशवीतून निघालेली बाटली तिथलीच आहे, हे सिद्ध करताना तुमची दमछाक होईल. कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे. त्यात निरीक्षकाला जागेवर जाऊन तपासणी करण्याचा, नमुना घेऊन सील करण्याचा, नोंदवह्या पाहून त्यांच्या नकला काढण्याचा अधिकार दिलेला आहे. तालुका कृषी कार्यालयात आणि पंचायत समितीच्या कृषी विभागात हे अधिकार असलेली माणसं बसतात. त्यांनी पंचांसमक्ष घेतलेला नमुनाच कामाचा. वहीही ते स्वतः मागू शकतात, मागच्या पानासकट.

मग काकाजींकडून लागतं ते एवढंच: बाटल्या गाडीतून उतरून वावरातल्या कोठ्यात कोणत्या दिवशी असतात. एक दिवस आणि एक जागा. हे सांगणाऱ्याचं नाव कुठल्याही कागदावर यायची गरज नाही. त्या वावरात रोज दहा माणसं ये-जा करतात, त्यातलं कोणीही सांगू शकलं असतं. भ्यायलेल्या माणसाला डोंगर उचलायला लावू नये, त्याच्या हातात मावेल तेवढंच मागावं. आणि हेही पहिल्या भेटीत मागायचं नाही.

कायद्याची बाजू त्यांना खरी सांगा, गोड करून नको. त्याच कायद्याच्या कलम १८ मध्ये नोंदणी नसलेलं कीटकनाशक विकणं, वाटणं, नेणं, वापरणं याच्याबरोबर ते कामगाराकडून वापरवून घेणंही मनाई केलेलं आहे. म्हणजे मजुराच्या पाठीवर पंप देणाऱ्या मालकावर कायद्याची सरळ नजर आहे. पण ‘वापरणं’ हा शब्दही तिथं आहे, आणि कालवणारे हात काकाजींचे आहेत. तेव्हा ‘तुम्हाला काही होणार नाही’ असं छातीठोकपणे सांगायचा हक्क तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. ते सांगायला वकील हवा. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना, स्त्रियांना आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतल्यांना तिथं वकील फुकट मिळतो, १५१०० वर फोन करूनही विचारता येतं. आधी तुम्ही एकट्या जा, नाव न घेता विचारा: मालकाच्या सांगण्यावरून औषध कालवणाऱ्या सालदाराची स्थिती काय होते, आणि त्यानं स्वतःहून माहिती दिली तर काय फरक पडतो. उत्तर लिहून आणा. ते कडू असलं तरी तसंच काकाजींना वाचून दाखवा. खरं सांगितलंत तरच पुढचं ऐकतील.

पोरीची फी हा सगळ्यांत अवघड भाग आहे, आणि मला वाटतं काकाजींच्या गप्प राहण्यामागे भीतीपेक्षा तोच जास्त आहे. फी त्यांच्या सालाच्या उचलीत धरली आहे की नुसतीच भरली आहे, हे कळायला हवं. उचल असेल आणि ‘फिटल्याशिवाय दुसरीकडे जायचं नाही’ असं साहेब म्हणत असतील, तर १९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा अशा बांधलेल्या कर्जाला मानत नाही. त्याची तक्रार तहसीलदाराकडे, जिल्हाधिकाऱ्याकडे करता येते. पण कर्ज कायद्यानं फिटलं तरी पुढच्या वर्षीची फी राहतेच. ती मुलगी कुठल्या शिष्यवृत्तीत बसते का, हे महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर आणि तिच्या कॉलेजच्या ऑफिसात विचारून ठेवा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, यातलं काय काय घरात आहे आणि काय काढायचं राहिलंय, हे पाहणं तुम्हाला जमतं. गावातल्या अर्ध्या पोरींचे कागद तुम्हीच काढून दिले असतील. काकाजींनी साहेबांविरुद्ध तोंड उघडलं नाही, तरीही हे काम करा. उघडलं तरच करू, असं त्यांना कधी जाणवूसुद्धा देऊ नका.

आणि त्यांच्यासाठी थांबून राहू नका. पंधरा दिवस म्हणजे काहीच नाहीत. तुमच्या हातात काकाजींशिवायही बरंच आहे. या वावरात नोंदणी नसलेल्या कीटकनाशकाच्या चाचणीला परवानगी दिली आहे का, दिली असल्यास प्रत द्यावी, असा माहितीच्या अधिकाराचा अर्ज कृषी विभागाकडे टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एकच विषय आणि दीडशे शब्दांत लिहायचं. उत्तराची मुदत तीस दिवस, म्हणून त्याच दिवशी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे साधा लेखी तक्रार अर्जही द्या. कदाचित परवानगी निघेलही. विद्यापीठं आणि संशोधन संस्था चाचण्या घेतात आणि त्या व्हायलाच हव्यात. पण परवानगी असली तरी उघड्या अंगानं, हातमोजे नाहीत, तोंडाला काही नाही, असं पोरांना वावरात लोटता येत नाही. कीटकनाशकाच्या १९७१ च्या नियमांत अंगरक्षक कपडे, श्वासाचं साधन आणि कामगाराला शिकवणं हे सगळं लिहिलेलं आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना आजच जाऊन सांगा. तुमचं ते रोजचं दार आहे. या हंगामात त्या वावरातून कोणी आला तर काय समजायचं, हे त्यांना आधी माहीत असू द्या. आणि पोरांना, त्यांच्या आयांना घरोघर सांगा: मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत दाटणं यातलं काहीही वाटलं की पंप खाली, कपडे उतरवायचे, साबणानं अंग धुवायचं, १०८ ला फोन करायचा. दूध नको, तूप नको, बोटं घालून ओकायला लावणं नको. साहेबांच्या गाडीत बसायचं नाही, सरकारी दवाखान्यातच जायचं. तिथं विषबाधेची नोंद होते, पोलिसांना कळवलं जातं, आणि कागद पेशंटच्या हातात राहतात. मागच्या वर्षीच्या तिघांनाही भेटा. त्यांच्या उपचाराच्या कागदांवर त्यांचा हक्क आहे, ते त्या डॉक्टरकडे लेखी मागू शकतात. पोरं जे बोलतील ते काकाजींना बोलावं लागणार नाही. त्यांच्या खांद्यावरचं तेवढं ओझं कमी होईल.

आता तिसरी भेट. सकाळी जाऊ नका, साहेबांची गाडी सकाळी येते. संध्याकाळी बैलं बांधून झाली, हातपाय धुऊन ते ओसरीवर टेकले की जा. कोणाला सोबत नेऊ नका, संस्थेच्या बाईला तर मुळीच नाही, आणि मलाही नाही. फोन पिशवीत ठेवा, उलटा करून मांडीवरही ठेवू नका. माफीचं बोला. मग पोरीच्या शिष्यवृत्तीचा जो कागद कळला असेल तो द्या. मग वकिलानं सांगितलेलं. मग तुम्ही स्वतः काय काय केलंत ते, अर्जाच्या पोचेची झेरॉक्स दाखवून. झेरॉक्सवर गोल शिक्का असतो, तारीख असते. ती त्यांच्या हातात द्या, वाचू द्या. ते वही लिहिणारे गृहस्थ आहेत, त्यांना लिहिलेलं कळतं. तुमचं नाव तिथं खाली सहीसकट असेल. त्यांचं कुठंही नसेल. नऊ वर्षांत त्यांच्याकडे आलेल्यांपैकी स्वतःचं नाव आधी घालून आलेल्या तुम्ही पहिल्याच असाल.

पेन्सिलीच्या पानाचा विषय तुम्ही काढू नका. ते पान तुम्ही पाहिलंय हे कळलं तर ते घाबरून खोडून टाकतील. त्यांनी स्वतः काढला तर ऐका, लिहून घेऊ नका.

चहा आला तर पूर्ण प्या आणि उठा. दिवस-जागेचा प्रश्न दोन दिवसांनी पुन्हा गेलात तेव्हा विचारा, एकदाच. ‘नाही’ म्हणाले तर ‘बरं’ म्हणा, आणि पोरीच्या दाखल्याचं काम चालू ठेवा.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय, त्यांनी जाऊन साहेबांना सांगितलं तर? सांगू शकतात. म्हणून तर तुमचा अर्ज आणि डॉक्टरांना सांगणं आधी झालेलं हवं, म्हणजे त्यांनी सांगितलं तरी साहेबांना एवढंच कळेल की गाव जागं आहे, आणि कदाचित या हंगामात बाटल्या उतरणारच नाहीत. तेवढं झालं तरी मला पुरे आहे. मला साहेबांना शिक्षा झालेली पाहायची आहेच, पण त्याआधी त्या पोरांचे डोळे शाबूत पाहायचे आहेत.

सोमवारी तालुक्याच्या कचेरीत, पांढरकवड्याला, जाल तेव्हा अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर पोचेचा शिक्का मारून घ्या, आवक क्रमांक टाकून घ्या. बाबू ‘नंतर या’ म्हणाला तरी शिक्का मिळेपर्यंत तिथून हलू नका. आणि घरी पोचल्यावर मला कळवा, रात्री कितीही वाजलेले असोत.